लोंबकळ

सुदामअण्णा फोन उचलला की ‘हॅलो’ म्हणत नसत. टाळी वाजवत. एकच, पण खणखणीत. मग रिसीव्हर कानाला घट्ट लावून, डोळे बारीक करून, पलीकडून काय येतंय याची वाट बघत. पलीकडचा माणूस सरावातला असेल तर तोही उलट टाळी वाजवी. तेवढ्यानं अण्णांचा चेहरा खुले. "जय भीम! बोला, लाईन बरी हाय," म्हणून ते मुद्द्यावर येत. पलीकडचा नवखा असेल तर ‘काय चावटपणा आहे’ म्हणून फोन आपटी आणि लग्नाला दुसरा स्पीकरवाला ठरवी. अण्णांना त्याचं सोयरसुतक नसे. "टाळीला टाळी न देनाऱ्याच्या मांडवात आपला भोंगा कशाला?" हे वर.

हा माणूस माझ्या पायाखाली होता. म्हणजे खाली त्यांचं ‘मैत्री साउंड सर्व्हिस’ आणि वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास. नगरमध्ये, दिल्ली दरवाज्याच्या अलीकडे. नव्वदीच्या अखेरीला गल्लोगल्ली असे क्लास निघाले, त्यातलाच एक. स्वभावानं मी उतावळा. विद्यार्थ्यानं एक बटण शोधायला जरा वेळ लावला की माझ्या कपाळावरची शीर उडायला लागायची. माझ्याइतका घायकुता माणूस आख्ख्या नगर जिल्ह्यात नसेल, असा माझा समज होता. अण्णांनी तो पहिल्याच आठवड्यात उतरवला.

ते वर आले, दारात उभे राहिले आणि त्यांनी टाळी वाजवली. बारा मुलं दचकली. अण्णा चारी भिंतींकडे बघत म्हणाले, "खोली लई लोंबती, सर. पडदे लावा."

लोंबणं हा त्यांचा शब्द. आवाज जिथून निघाला तिथून कानाशी पोचेपर्यंत जो वेळ खातो, त्याला अण्णा ‘लोंबकळ’ म्हणत. जगातल्या बहुतेक सगळ्या अडचणींचं मूळ त्यांच्या मते लोंबकळीतच होतं. "आवाज पळत न्हाई, सर. चालत जातो. मैदानाच्या ह्या टोकाचा त्या टोकाला जाईस्तवर आमची पाव मात्रा जाती. आन लोकं म्हनत्यात स्पीकर खराब!" सभेच्या आदल्या दिवशी ते रिकाम्या मैदानात टाळ्या वाजवत एकटेच फिरत. दहा पावलं, टाळी. दहा पावलं, टाळी. मग भोंगे कुठे टांगायचे ते ठरे. एकदा एका पुढाऱ्यानं घाई करून स्वतःच्या मर्जीनं भोंगे लावून घेतले. त्यानं विनोद केला की पुढचे हसत, आणि मागचे हसेपर्यंत हा पुढच्या वाक्यात शहिदांना अभिवादन करत असे. अण्णा खांबाला टेकून शांतपणे म्हणाले, "भोगा."

मोजायचं माप म्हणजे मात्रा, कारण अण्णा मूळचे ढोलकीवाले. भोंगे हा पोटाचा धंदा, ढोलकी हा जिवाचा. घड्याळ ते वापरत नसत. चहा यायला किती वेळ लागला, हे ते आठ मात्रांच्या ठेक्यात, ‘दोनशे केरवे’ असं सांगत. वहिनींना हाक मारल्यावर ‘ओ’ यायला किती मात्रा लागतात तेसुद्धा त्यांना पाठ होतं. "माझी लोंबकळ मोजत बसू नका, दळन आना," असं वहिनी माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. एका शोकसभेला हॉल रिकामा आहे असं समजून त्यांनी पडद्यामागून टाळी वाजवली, तेव्हा पडद्यापुढे दीडशे माणसं दोन मिनिटं मौन पाळत उभी होती. त्या घरच्या लोकांनी पुढं वर्षभर अण्णांकडे बघितलं नाही. अण्णांना मात्र वाईट एवढंच वाटलं, की माणसं उभी असल्यामुळे हॉलचा खरा आवाज कळला नाही.

बसा म्हटलं तर हा माणूस बसत नसे. बसलाच तर बोटं चालू. टेबल, शटर, माझा मॉनिटर, एकदा न्हाव्याकडे पुढच्या गिऱ्हाइकाचे गुडघे. माझी सगळी घाई वेळ वाचवायची असते. त्यांची घाई वेगळी होती. त्यांना आतल्या आत कुणीतरी सारखं खेचत असल्यासारखं वाटे. कोण खेचतंय ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

अण्णांची थोरली बहीण शेवंताअक्का. खर्ड्याच्या पुढं एका वाडीत दोघं वाढली. दसरा झाला की आईबाप ऊस तोडायला निघत, ही दोघंही बरोबर. तळावर पाचटाच्या कोपीत भावाला सांभाळायचं काम अक्कांचं. तो रडायला लागला की त्या गाणं म्हणत आणि हा तुपाचा रिकामा डबा बडवी. ऊस संपला, डबा गेला, ढोलकी आली, पण जोडी तीच राहिली. पुढं जयंतीच्या स्टेजवर जामखेडपासून नगरपर्यंत शेवंता-सुदाम हे नाव झालं. अक्का स्वतः गाणी बांधत. पोरींच्या शाळेची, पाणवठ्याची, पंचशीलाची. लिहिता येत नव्हतं तेव्हा तोंडी, आणि चाळिशीत अक्षर गिरवल्यावर वहीत. चाळीस वर्षं त्यांनी अण्णांच्या ठेक्याशिवाय एक ओळ गायली नाही, आणि अण्णांनी दुसऱ्या कुणाच्या मागं हात चालवला नाही.

अक्कांचा मुलगा मिलिंद इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. यजमान वारल्यावर आणि नातू झाल्यावर तो आईला घेऊन गेला. यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं. विमानतळावर अण्णा गेले नाहीत. म्हणाले, जयंतीची ऑर्डर होती. जयंती दोन महिने लांब होती, हे मला वहिनींनी सांगितलं.

वर्षभरानं मिलिंदचा फोन आला. खालचा फोन बिघडलेला असल्यामुळे तो माझ्याकडे घेतला, म्हणून रिसीव्हरमधून येणारं सगळं मी ऐकलं. अण्णांनी टाळी वाजवली. मिलिंदनं उलट टाळी दिली नाही.

"मामा, आई गात नाही," तो म्हणाला. "इथं आल्यापासून एकदाही नाही. बाळाला झोपवतानासुद्धा नाही. दिवसभर खिडकीशी बसते. आता बोलणंही कमी झालंय, जेवणही. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठीक आहे. विचारलं की म्हणते, ठेका न्हाई."

 अण्णांची बोटं थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅसेट भरायला घेतली. दोन्ही बाजूंनी नुसती ढोलकी. पार्सल अमेरिकेला गेलं. महिन्यानं फोनवर खुद्द अक्काच आल्या. आवाज असा, की बाई विहिरीच्या तळाशी बसून बोलतेय. "सुद्या, ह्या कॅसेटीला माझा दम कळत न्हाई रं. मी श्वास घ्येती तवर ती फुडं निघून जाती. बंद केली मी."

मग फोनवर प्रयोग झाले. परदेशी फोन म्हणजे मिनिटामिनिटाला जीव खालीवर. त्यात अण्णांची टाळी जायची, अक्कांची यायची, आणि मध्ये जो खड्डा पडायचा त्यात गाणं मावलं असतं. "अडीच मात्रा!" अण्णा डोक्याला हात लावून म्हणाले. "बैलगाडी बी लवकर यील."

याच सुमाराला माझ्या क्लासमध्ये इंटरनेट आलं. त्या वेळी ते फोनच्या तारेतूनच यायचं, आणि येताना मॉडेम असा किंचाळायचा की खालून अण्णा ओरडत, "सर, कुनाला मारताय?" मिलिंदनं ई-मेल पाठवली: दोन्हीकडे कॉम्प्युटर, माईक आणि हेडफोन असला तर हवं तेवढं बोलता येईल. मी ती छापून खाली नेऊन दिली. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "बोलायचं कुनाला हाय? वाजवता यील का?"

मी म्हणालो, "येईल की." कॉम्प्युटरवाल्या माणसाला ‘येईल की’ म्हणायची खोड असते. त्या खोडीनं माझे पुढचे सगळे रविवार गेले.

रविवारी सकाळी सात वाजता क्लास रिकामा. तिकडे शनिवारची रात्रीची जेवणं झालेली. पहिल्या रविवारी कळलं की माझ्या कॉम्प्युटरातलं साउंड कार्ड एका वेळी एकच काम करतं, बोलतं तरी किंवा ऐकतं तरी. अण्णांनी ढोलकीवर थाप टाकली की अक्का मुक्या, अक्कांनी तोंड उघडलं की ढोलकी गायब. "हे सवाल-जवाब झालं की!" अण्णा उखडले. "मला तिच्याशी भांडायचं न्हाई, साथ करायचीय." मग पुण्याहून नवं कार्ड आणवलं, ज्यातून एकाच वेळी ऐकताही येतं आणि ऐकवताही येतं. ते बसवताना अण्णा माझ्या खांद्यावरून वाकून होते आणि त्यांची बोटं माझ्या पाठीवर केरवा धरून होती.

आता आवाज दोन्हीकडून वाहायला लागला, पण लोंबकळ तशीच. मी सेटिंगच्या खिडक्या उघडल्या आणि अण्णांना समजावून सांगायला गेलो.

"हे बघा, हा बफर. आवाज आला की लगेच पुढं जात नाही. आधी थोडा इथं जमा होतो, मग निघतो."

"म्हंजी बफे!"

"बफे नाही हो. बफर."

"त्येच की." अण्णांचे डोळे चमकले. त्या दोन-चार वर्षांत नगरच्या लग्नांतून पंगती उठून बफे आले होते आणि अण्णांनी ते भोंग्याखालून भरपूर पाहिले होते. "ताट घिऊन लायनीत उभं ऱ्हायाचं. पुढचा भात घ्येईस्तवर मागचा ताटकळला. पंगत बरी, बसल्या जागी वाढून मोकळं. सर, तिच्या गाण्याला लायनीत उभं करू नका. लाईन कमी करा."

मी लाईन कमी केली. अर्धी केली, पाव केली. लोंबकळ खरोखरच घटली, आणि त्याबरोबर आवाज तुटायला लागला. तडतड, तडतड, मध्येच अक्कांचा अर्धा शब्द. "आता लाईन मोडली," अण्णा म्हणाले, "लोकं ताटावर पडली." पुन्हा थोडी वाढवली. पुन्हा कमी केली. किती बारीक करता येईल ते शोधण्यात आमचे दोन रविवार गेले. मोजायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. अण्णा टाळी वाजवत, तिकडून मिलिंद टाळी देई, आणि अण्णा डोळे मिटून निकाल सांगत: दोन मात्रा. पावणेदोन. दीड, जरा वर.

आता हे व्यसन मलाही लागलं. मी रात्री जेवताना कुठली खिडकी उघडायची राहिली ते आठवू लागलो. मॉडेमची सेटिंगं बदलली, बाकीचे सगळे प्रोग्रॅम काढून टाकले, पडद्यावरची हलणारी चित्रं बंद केली. अण्णांनी त्यांच्या धंद्यातली अक्कल लावली. माईक ढोलकीच्या पुडीपासून, म्हणजे कातड्यापासून, वीतभर अंतरावर आणला. अक्कांना माईकच्या जवळ सरकून बसायला सांगितलं. "हातभर बी अंतरच हाय," म्हणाले. ते बरोबरच होतं. मात्र एका रविवारी मी चहा सांगून येईपर्यंत त्यांनी खिडकीतून टेबलापर्यंत येणारी फोनची वायर कापली, मधलं वेटोळं काढून टाकलं आणि जोडायला लागले. जोड काही लागला नाही. दिवसभर फोनही बंद, इंटरनेटही बंद.

मी भडकलो. "अहो, आवाज सात समुद्र ओलांडून जातो! तुमच्या पाच फुटांनी काय फरक पडणार?"

अण्णा दातात धरलेली वायर काढून म्हणाले, "सात समुद्र माझ्या हातात न्हाईत, सर. पाच फूट हायेत."

 मी चहा पिऊन टाकला.

लोंबकळ शेवटी सव्वा मात्रेवर आली आणि तिथंच बसली. त्याच्या खाली ती काही केल्या जाईना. अण्णा म्हणाले, चालवून बघू. अक्का म्हणाल्या, बघ बाबा. आणि त्या रविवारी मी असा प्रकार पाहिला, की हसावं का रडावं ते मला कळेना.

अण्णांनी ठेका धरला. अक्कांनी ओळ उचलली, शाळेच्या पायरीवर लेकीनं पहिलं पाऊल टाकल्याचं त्यांचंच गाणं. आवाज जरा खरखरीत, पण असा भरलेला की मी टेबल पुसायचं थांबलो. दोन ओळी गेल्या. अण्णांच्या कानात अक्का मागून येत होत्या, म्हणून ते त्यांच्यासाठी जरासे थांबले. तिकडे अक्कांना ढोलकी रेंगाळलेली वाटली, म्हणून त्या भावासाठी थांबल्या. मग हे आणखी थांबले. मग त्या. गाणं चालता चालता रांगायला लागलं, रांगता रांगता बसलं. दोन्हीकडची माणसं इतकी समजूतदार, की कुणी पुढं पाऊलच टाकेना. पाचव्या ओळीला अण्णांचा हात हवेत आणि अक्कांचा सूर तोंडात, असे दोघंही एकमेकांची वाट बघत थांबले, आणि गाणं मेलं.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा अक्का चिडल्या. "सुद्या, तुझा हात जड झालाय."

"माझा?" अण्णा उसळले. "तूच वढतीस मागं! पयल्यापासनं तुला खेचत न्यावं लागतं!"

असली भांडणं स्टेजमागं त्यांची हजारदा झाली असतील आणि चहाच्या कपाबरोबर मिटली असतील. इथं कप कुठून द्यायचा? हेडफोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग अक्कांचा, लांबून. "ऱ्हाऊ दे. जमायचं न्हाई आता. म्हातारपनी जीव नको टांगू. पुढच्या आइतवारी लावू नगंस."

मिलिंद माईकवर आला, नुसतं ‘मामा’ म्हणाला आणि त्यानं लाईन बंद केली. त्याच संध्याकाळी त्याची ई-मेल होती. आईनं गाण्याची वही बॅगेत खाली घालून ठेवली आहे, आणि आज ती जेवली नाही. तिचं मन दुखवून आता आणखी काही करायची त्याला भीती वाटत होती. फार तर आणखी एकदा, एवढंच तो कबूल करत होता.

तो आठवडा अण्णांनी आम्हा सगळ्यांना नकोसा केला. दिवसातून दहा वेळा जिना चढत, दारात उभे राहत आणि तसेच उतरत. दुकानात सोल्डरिंग करताना हात भाजून घेतला. एका गिऱ्हाइकाला ॲम्प्लिफायरऐवजी पंखा दिला. मी मात्र हिशेब सोडला होता. मला वाटत होतं, कुठल्याही सेटिंगच्या खिडकीत याचं औषध नाही, आणि एका भाबड्या माणसाला ‘येईल की’ म्हणून मी नादी लावलं. माझी मलाच लाज वाटत होती.

शनिवारी दुपारी ते आले ते थेट टेबलाशी. टाळी नाही, काही नाही.

"सर, मिरवनुकीत पुढच्या ट्रकवर ढोलकी असती. मागं लोकं गात येत्यात. बराबर?"

"बरोबर."

"मागच्यांना ढोलकी जशी यील तशी ती गात्यात. त्यांच्या कानात सगळं जुळलेलं असतं. पन पुढं ट्रकवर बसलेल्याला मागचं गानं उशिरा यील. त्यानं ते ऐकून हात धरला, तर?"

"तर?"

"मिरवनूक जाग्याला हुबी ऱ्हाती. माझ्या बापानं मला मारलं हुतं त्यापायी. म्हनला, पुढं बसला तर मागचं ऐकायचं न्हाई." ते पहिल्यांदाच माझ्यासमोरच्या खुर्चीवर नीट बसले. "आमी दोघं मागंच बसलो हुतो, सर. ट्रकवर कुनीच न्हाई."

मला समजायला जरा वेळ लागला. मग समजलं आणि बरं वाटलं नाही. "म्हणजे तुम्ही तिचं ऐकायचंच नाही? नुसतं वाजवायचं? अण्णा, ती तर कॅसेट झाली. अक्कांनी तीच तर बंद केली."

"कॅसेट मी जुन्या दमावर वाजवली हुती. तिचा दम आता तेवढा ऱ्हायला न्हाई. दुसऱ्या ओळीला आता ती मधीच श्वास घ्येती, पयलं घ्येत नव्हती. कडवं उचलायच्या आधी दोन मात्रा जास्त लागत्यात. एवढ्या आइतवारांत त्येच तर ऐकलं मी. सगळं हितं हाय." त्यांनी कानाला नव्हे, उजव्या हाताच्या बोटांना बोट लावलं.

मी मिलिंदला लिहिलं. आईला फक्त एवढंच सांग, की मामानं यंत्र दुरुस्त केलंय. ढोलकी ऐकू आली की गायचं, वाट कुणाची बघायची नाही.

रविवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. ढोलकीच्या कड्या ओढल्या, माईक सरकवला, आणि हेडफोन स्वतःच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"अहो, निदान एका कानाला तरी ठेवा!"

"न्हाई. ती कानात आली की हात तिच्याकडं पळतो. तुमी ऐका." आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी ठेका धरला.

आता माझ्या कानात जे झालं ते सांगतो. समोर अण्णांची ढोलकी चालू होती आणि कानात सव्वा मात्रा मागून अक्का. एकही ओळ ठेक्यावर नाही. सम इकडे, शब्द तिकडे. दोन शेजाऱ्यांच्या घरांतून दोन वेगळे रेडिओ लागावेत तसं सगळं एकमेकांत गुंतलेलं. हेडफोन उपटून फेकावा असं मला झालं. मला गाण्यातलं शष्प कळत नाही. तरी मला ते सोसवेना. आणि पाव मात्रेसाठी आख्खं मैदान पायाखाली घालणारा हा माणूस जगातलं सर्वांत सुटलेलं गाणं आपल्या हातानं तयार करत होता, कारण ते फक्त इकडेच सुटलेलं होतं.

दुसऱ्या ओळीला अण्णांनी मध्येच हात उचलला. एक श्वास थांबले. पुन्हा थाप टाकली. समोर कोरी भिंत. माझ्या कानात, जरा वेळानं, अक्कांनी श्वास घेतला.

 उगाच कशाला लपवू, डोळे भरून आले. आमचे सगळे बफे आणि साउंड कार्डं मिळून जे जमलं नव्हतं, ते या माणसानं कान बंद करून जमवलं होतं.

गाणं संपलं. अण्णांचा हात थांबला, आणि अक्कांचा शेवटचा शब्द त्यानंतर माझ्या कानात पोचला. तिकडे लहान मूल ओरडत होतं, मिलिंद हसत होता. मी हेडफोन अण्णांना दिला आणि माझा कान त्याला चिकटवला.

"सुदाम," अक्का म्हणत होत्या, आणि आता त्या विहिरीच्या तळाशी नव्हत्या. "आरं, मांडीला मांडी लावून बसल्यावानी वाटलं बघ. समेवर आलास, सोडलंच न्हाईस. तुला जुळलं का रं तिकडं?"

"केसाइतकं बी सुटलं न्हाई, अक्का," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

मिलिंद हुशार. त्याला इकडचं गणित कळलं असावं. तो आईचा हेडफोन स्वतःला लावून हळूच म्हणाला, "मामा, आता उलटं करू या. आई पुढं, तुम्ही मागं. म्हणजे तुम्हालाही जुळलेलं ऐकायला मिळेल. एक गाणं."

"आन तिच्या कानात सुटलेलं जाऊ दे व्हय?" अण्णा एकदम कडाडले. मग आवाज खाली आला. "नगं. ती आत्ता कुटं गायला लागलीय. दे तिला. अक्का, पुढचं काढ. वही काढ बॅगंतनं."

हेडफोन पुन्हा माझ्या डोक्यावर आला. मला एकदम त्या माणसाचा राग आला आणि दयाही आली. ती त्याची बहीण. तिच्या आवाजासाठी त्यानं वायरी कापल्या, हात भाजून घेतला. आणि तो आवाज ऐकायला बसलो होतो मी, ज्याला सूर आणि भोंगा यातला फरक धड कळत नाही.

अक्का त्या सकाळी ओळीनं गात सुटल्या. सकाळच्या बॅचची मुलं जिन्यावर येऊन बसली तरी आम्ही थांबलो नाही. चौथ्या गाण्यानंतर अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ढोलकी मांडीवरून न उतरवता माझ्याकडे वळले. बोटं स्वस्थ होती.

"सर, आत्ताचं ते पानवठ्याचं. त्यात तिसऱ्या कडव्याला ती हसती. गाता गाता. लहानपनापासनंची खोड हाय तिची, कितीदा सांगितलं तरी जात न्हाई. आत्ता हसली का?"

मला आठवायला लागलं नाही.

"हसल्या," मी म्हणालो.

"मोठ्यानं, का बारीक?"

"मोठ्यानं. शब्दच सुटला त्यांचा."

अण्णांनी ढोलकीच्या पुडीवरून तळवा फिरवला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सांगा तिला, पुढचं धरतोय."